मांजर जेवत नाही. उपाशी ठेवावं का?

प्रश्न : आमची माऊ आठ वर्षांची, साडेचार किलोची. चार दिवस पलंगाखालून बाहेर येत नाही. उलटी एकदाच झाली. बांगडा पुढे केला तरी हुंगून तोंड फिरवते. डॉक्टरांनी स्वादुपिंडाला सूज असावी म्हणून सलाईन दिलं. शेजारी म्हणतात, दोन दिवस उपाशी ठेवा. ठेवू का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : मुळीच नको. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही की मांजराच्या अंगातली चरबी यकृतात साचू लागते, लठ्ठ मांजरात तर लवकरच. माऊचे चार दिवस आधीच गेलेत.

उलटी एकदाच झाली म्हणून दुखणं किरकोळ समजू नका. या आजारात कित्येक मांजरं उलटी करतच नाहीत, नुसती आखडून बसतात. अमायलेज आणि साधं लायपेज या रक्तातल्या पाचकरसांच्या चाचण्या मांजरात भरवशाच्या नाहीत. मांजराच्या स्वादुपिंडातलंच लायपेज मोजणारी खास ‘एफपीएल’ रक्तचाचणी आणि पोटाची सोनोग्राफी, दोन्हींचा मेळ घालावा लागतो. नमुना मुंबई-पुण्याला धाडायचा तर सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारा पातळ भाग, वेगळा काढून बर्फात ठेवूनच. नुसतं रक्त एसटीच्या उकाड्यात गेलं तर पेशी फुटून अहवाल बिघडतो.

मांजराची पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका आतड्यात शिरण्याआधी एकत्र येतात. म्हणून आतडं, पित्तमार्ग, स्वादुपिंड तिन्ही एकदम सुजलेली सापडतात. यकृत, साखर आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. माऊ पाली खात असेल तर तेही सांगा. पालीतून येणारा पर्णकृमी, म्हणजे पानासारखा चपटा जंत, पित्तनलिकेत घर करतो.

उपचारात सलाईनबरोबर वेदनाशामक हवंच, बहुधा ब्युप्रेनॉर्फिन. मळमळीला मॅरोपिटंट, किलोला १ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. मळमळ थांबल्यावर भूक वाढवायला मिर्टाझापिन. एवढ्यानंही खाल्लं नाही तर नाकातून नळी घालून पातळ अन्न. पहिल्या दिवशी गरजेच्या पाव ते तिसरा हिस्सा, म्हणजे माऊला ५५ ते ७० कॅलरी, चार-सहा वेळांत विभागून. पिचकारीनं जबरदस्ती करू नका, त्या अन्नाचाच तिला तिटकारा बसेल. कमी चरबीचा हट्ट कुत्र्यांसाठी, इथे तो दुय्यम. कोंबडी किंवा मासा नुसत्या पाण्यात उकडा, काटे काढा, कोमट द्या. कालवणातला तुकडा नको, कांदा-लसूण मांजराला विषारी. स्टेरॉईड सरसकट नको; आतड्याच्या जुनाट सुजेत डॉक्टर ठरवतील.

घरातली पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका, अर्धी गोळीही जीव घेते. कानाची आतली बाजू किंवा हिरड्या पिवळ्या दिसल्या तर त्याच दिवशी चिपळूण किंवा रत्नागिरी गाठा.