बँड मिळमिळीत, सपक की अळणी?

कोथरूडहून एक प्रश्न आलाय. तिथल्या एका कट्ट्यावर कोल्डप्ले या ब्रिटिश रॉक बँडवरून दोन तट पडलेत. मित्र म्हणतो, बँड मिळमिळीत आहे. मैत्रीण म्हणते, मिळमिळीत नाही, सौम्य आहे. फरक काय, आणि खाण्याचा शब्द गाण्याला लावावा का?

लावावा की. हा शब्द ताटातून केव्हाच उठलाय. 'मिळमिळीत सौभाग्यापेक्षा ढळढळीत वैधव्य बरं' ही म्हण घ्या. आज ती कानाला बोचते, पण शब्दाचं वजन तीत नेमकं कळतं. मोठ्यानं म्हणून बघा. दोन्ही शब्द एकाच साच्यातले, फरक फक्त 'मि' आणि 'ढ'चा. 'म'ला ओठ नुसते मिटतात, 'ढ'ला जीभ वर जाऊन आपटते. झणझणीत, खणखणीत, सणसणीत या घरातलंच हे एक मवाळ पोर.

आता शेजारचे शब्द. अळणी म्हणजे अलवण, मीठ घालायचं राहिलं. ती सरळ चूक. सपक म्हणजे तिखट-मसाला बेताचा, आणि तो मुद्दाम बेताचा असू शकतो. साधं वरण सपकच असतं, त्यावर तूप-लिंबू घेऊन आपण ते आनंदानं ओरपतो. मिळमिळीत म्हणायला मात्र आधी अपेक्षा लागते: जिथे जोर हवा होता तिथे तो नाही. म्हणून वरणाला कुणी मिळमिळीत म्हणत नाही, मिसळीला म्हणतात. माझ्या एका कोल्हापूरच्या मित्राला मी नारायण पेठेत गोडसर रश्श्याची मिसळ खायला नेलं होतं. दोनदा सॅम्पल मागून घेतलं, तरी निघताना म्हणाला, "मिळमिळीत आहे रे." मी लहानपणापासून तीच खात आलोय. चार दिवस मी त्याच्याशी नीट बोललो नाही.

गाण्यातही तसंच. संथ किंवा मऊ असणं म्हणजे मिळमिळीत नव्हे. किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज केवढा मुलायम, पण तो मिळमिळीत आहे असं सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात म्हणून दाखवा!

तुमच्या मित्राचं दुखणं मला वाटतं 'रॉक' या पाटीचं आहे. पाटी मिसळीची, ताटात वरणभात. 2000 साली आलेला त्यांचा पहिला अल्बम मी सपक म्हणेन, चांगल्या अर्थानं. 2005 चं 'फिक्स यू' तर मिळमिळीतच्या व्याख्येत बसतच नाही. ऑर्गनवर दबक्या आवाजात सुरू होतं, अर्ध्यावर गिटार उसळते आणि मग सगळे मिळून गातात. जोर आहे, फक्त तो राखून ठेवलेला आहे. जानेवारी 2025 मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर त्यांचे तीन कार्यक्रम झाले. माझी भाची एक्सप्रेसवेनं गेली आणि घसा बसवून परतली. मिळमिळीत गाण्यांनी घसा बसत नाही.

अलीकडची चकचकीत गाणी मात्र मलाही सोसत नाहीत. पण तिथे तक्रार जोर कमी असल्याची नाही, गोड जास्त झाल्याची आहे. त्याला आपल्याकडे 'गुळचट' असा फर्मास शब्द आहे. मित्रानं तो वापरला असता तर मी त्याच्या बाजूनं उभा राहिलो असतो.

मैत्रिणीच्या 'सौम्य'बद्दलही थोडं. सौम्य हा सोमावरून आलेला, चंद्रासारखा शीतल. मूळ सुंदर आहे, पण रोजच्या वापरात भूकंपाचे धक्के सौम्य असतात, साबण सौम्य असतो. बँडची माणसं सौम्य आहेत म्हणा, चालेल. गाण्याला 'हळुवार' हा शब्द असताना साबणाच्या वेष्टनावरचा कशाला घ्यायचा?