आमच्या गेटसमोर रोज कोणीतरी गाडी लावून जातं. चाकातली हवा सोडली तर चालेल का?

हवा सोडू नका. राग येतो मान्य आहे, पण हवा सोडली, आरसा मोडला की उद्या चौकीत आरोपी तुम्ही आणि तो गाडीवाला फिर्यादी.

आमचं घर लातूरला, ट्यूशन एरियाच्या मागच्या गल्लीत. क्लास सुटायच्या टायमाला तिथं काय होतं ते लातूरकरांना सांगायची गरज नाही. पण मी सांगतोय ते २०१६ च्या उन्हाळ्यातलं, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते साल. नळ कोरडे, टँकर कधी येईल नेम नाही, म्हणून गल्लीत सगळ्यांचे ड्रम ओळीनं मांडलेले, प्रत्येकावर ऑइलपेंटनं नाव. टँकर येतोय असा निरोप आला म्हणून बाहेर येऊन बघतो तर एका कारवाल्यानं आमचे आणि शेजारच्या काकूंचे ड्रम नालीकडं लोटून दिलेले आणि तिथं गाडी लावून गडी गायब. काकूंच्या ड्रमला बुडाशी तडा गेलेला. गल्ली आधीच अरुंद, टँकर काही वळेना, ड्रायव्हरनं हॉर्न मारले, थांबला, मग पुढच्या गल्लीत निघून गेला, त्याचं तरी काय चुकलं, त्याला खेपा करायच्या होत्या. आम्ही एकेका क्लासमध्ये गाडीचा नंबर सांगत फिरलो. साहेब उगवले ते टँकर गेल्यावर बऱ्याच वेळानं आणि म्हणे पाचच मिनिटं लावली होती, पोराची फी भरायला गेलतो. ड्रमचं विचारलं तर म्हणे, "जुनाच होता की तो."

मला सगळ्यात जास्त राग याचा आहे. दुसऱ्याची वस्तू जुनी दिसली की ती लोटून द्यायचा हक्क मिळतो का? ह्यांच्या बोनेटला कुणी नुसता हात टेकवला तरी धावून येतात. पूर्वी कुणाच्या ओट्यावर टेकायचं तरी लोक विचारायचे, आता गेटला गाडी भिडवून वर आपल्यालाच विचारतात की तुम्हाला काय त्रास होतोय.

त्या रात्री आमचे दाजी आलते. ते म्हणाले, रस्ता काय तुमच्या नावावर आहे का, तुम्ही ड्रम ठेवता तर तो गाडी लावणारच की. जावईमाणूस, म्हणून घरात कुणी उलट बोललं नाही, पण अजूनही चार पाहुणे जमले की ते हेच ऐकवतात. रस्ता सगळ्यांचा आहे ना दाजी, मग त्या टँकरचा नव्हता का? ड्रम एक माणूस बाजूला करतो, लॉक केलेली कार कोण करणार? आणि दुसऱ्याच्या गेटच्या तोंडाशी गाडी लावायला वाहतुकीच्या नियमातच मनाई आहे, रस्ता कुणाच्याही नावावर असो.

आता तुमचं. गेट आणि नंबर प्लेट एकाच फोटोत येईल असा फोटो काढा, वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक अॅपवर टाका, नाहीतर सरळ वाहतूक शाखेला फोन करा. पहिल्या वेळी ५०० रुपये दंड, परत सापडला तर १५००. अडवणूक करणारी गाडी पोलीस उचलूनही नेऊ शकतात. ओळखीचा असेल तर आधी एकदा नीट सांगून बघा, दवाखान्यात पेशंट घेऊन आलेला असेल तर सोडून द्या. आणि तुम्हीही गेटबाहेर साखळी, दगड, कुंड्या मांडून जागा धरली असेल तर ते आधी काढा, तो रस्ता तुमचाही नाही.

पण गाड्या रोज वेगवेगळ्या येत असतील तर एकेकाला दंड करून काही होणार नाही. शेजारी क्लास किंवा मंगल कार्यालय आहे का बघा. आमच्याकडं नकाशात खाली पार्किंग दाखवायचं आणि बांधून झालं की तिथं गाळे काढायचे हे सर्रास चालतं. माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून मनपाकडं, नगरपरिषद असेल तर तिथं, त्या बिल्डिंगच्या मंजूर नकाशाची प्रत मागा. पार्किंगच्या जागी शटर दिसलं तर तक्रार मालकाच्या नावानं करा.