चित्र स्वच्छ, तरी डिश वाकडी

प्रश्न : आमच्या डिशवर एरवी चित्र अगदी स्वच्छ दिसते, परंतु पावसाची सर आली की सर्व वाहिन्या बंद पडतात आणि पाऊस थांबल्यावरही बऱ्याच वेळाने परततात. शेजारच्या गच्चीवरील तेवढ्याच आकाराची डिश त्याच पावसात चालू असते. बॉक्सवर सिग्नलची तीव्रता 80 टक्क्यांच्या वर दिसते. डिश बदलावी लागेल का?

उत्तर : बदलण्याची घाई करू नये. आपल्या वर्णनावरून डिश किंचित वाकडी बसलेली असावी आणि स्वच्छ चित्रामुळेच तो वाकडेपणा इतके दिवस लपून राहिला असावा. जुन्या ॲनालॉग प्रक्षेपणात सिग्नल कमजोर झाला की पडद्यावर मुंग्या दिसू लागत आणि प्रेक्षकाला वेळीच कळे. डिजिटल प्रक्षेपणात चुका दुरुस्त करण्यासाठी जादा माहिती सोबत पाठवलेली असल्याने सिग्नल एका मर्यादेपर्यंत घसरला तरी चित्रात तिळमात्र फरक पडत नाही. ती मर्यादा ओलांडली की मात्र चित्राचे चौकोन होतात आणि ते नाहीसे होते. पावसाचे थेंब उपग्रहाकडून येणाऱ्या साधारण 12 गिगाहर्ट्झच्या लहरी शोषतात आणि विखुरतात. त्यामुळे निरभ्र दिवशी त्या मर्यादेच्या वर सिग्नलची किती शिल्लक हाताशी आहे, यावरच पावसात डिश तग धरणार की नाही हे ठरते, आणि सूक्ष्म जुळणी करायची ती या शिल्लकेसाठी.

आपण ‘तीव्रता’ कळवली आहे, ‘गुणवत्ता’ नाही. तीव्रतेच्या आकड्यात उपयुक्त सिग्नलाबरोबर गोंगाटही, म्हणजे नको असलेल्या लहरीही, मोजला जातो; डिश भलत्याच उपग्रहाकडे रोखलेली असली तरी तो आकडा भरघोस दिसू शकतो. जुळणी करताना लक्ष गुणवत्तेवरच ठेवावे. निरनिराळे बॉक्स हा आकडा निरनिराळ्या रीतीने काढतात, म्हणून शेजाऱ्यांच्या आकड्याशी तुलना करण्यात अर्थ नाही. आपल्याच बॉक्सवर तो वाढतो की घटतो एवढे पाहावे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे 35,786 किलोमीटरवर असतो आणि 60 सेंटिमीटरच्या डिशचा झोत, म्हणजे ती ज्या दिशांतून सिग्नल नीट पकडते तो पट्टा, जेमतेम 3 अंश रुंद असतो. मध्यापासून एकच अंश चुकला, तरी मिळणाऱ्या शक्तीचा पाव हिस्सा वाया जातो. डिश ज्या खांबावर बसते तो 38 मिलिमीटर जाडीचा असेल, तर त्याच्या परिघावर एक अंश म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा, पेन्सिलच्या रेघेएवढा. हे मनात ठेवले म्हणजे धक्के मारत डिश फिरवण्याने काही साधत नाही, हे लगेच पटते.

प्रथम ओळंबा किंवा पाणसळ लावून खांब दोन्ही दिशांनी उभा आहे का ते पाहावे, कारण खांब कलता असेल तर डिश डावी-उजवीकडे फिरवताना तिची उंचीही नकळत बदलत राहते. मग आडव्या फिरण्याचे बोल्ट, डिश हलेल पण स्वतःहून घसरणार नाही, इतपत सैल करावेत. डिश एका बाजूला हळूहळू फिरवत गुणवत्ता एका ठरावीक आकड्यापर्यंत, समजा 40 पर्यंत, उतरू द्यावी आणि खांबावर खूण करावी. नंतर दुसऱ्या बाजूला नेऊन त्याच आकड्यावर दुसरी खूण करावी आणि डिश या दोन खुणांच्या बरोबर मध्ये आणावी. सर्वांत मोठा आकडा शोधत बसण्यापेक्षा ही रीत मला अधिक भरवशाची वाटते, कारण शिखराजवळ आकडा जवळपास स्थिर असतो आणि उतारावर मात्र झपाट्याने बदलतो. प्रत्येक हालचालीनंतर हात काढून, डिशसमोरून बाजूला होऊन दोन-तीन सेकंद थांबावे. बॉक्सचा आकडा उशिरा बदलतो. उंचीच्या कोनासाठीही हेच करावे आणि मग आडवी दिशा पुन्हा एकदा तपासावी. आकडा 100 ला चिकटून राहत असेल, तर एलएनबीच्या, म्हणजे डिशसमोरच्या दांड्यावर बसवलेल्या सिग्नल पकडणाऱ्या भागाच्या, तोंडावर ओले फडके टाकावे. सिग्नल दबतो आणि शिखर पुन्हा दिसू लागते.

बोल्ट आवळताना केलेले काम बिघडते, हा नेहमीचा अनुभव आहे. एक बोल्ट पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे जाऊ नये; सर्व बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत आणि आकड्यावर नजर ठेवावी.

पाऊस थांबल्यावरही चित्र परतायला फार वेळ लागतो, ही आपल्या पत्रातील बाब मला वेगळी वाटते. त्यामागे कनेक्टरमध्ये शिरलेले पाणी असू शकते. बॉक्सची वीज बंद करून एलएनबीवरचा कनेक्टर उघडून पाहावा. आतील तांबे काळे-हिरवे पडले असेल, तर केबलचे टोक कापून नवा कनेक्टर बसवावा, त्यावर जलरोधक टेप गुंडाळावी आणि पाणी ठिबकून जावे म्हणून केबलला खाली झुकता वळसा द्यावा. ओल्या गच्चीवर यातले काहीही करू नये.

प्रश्न : आमच्याकडे निम्म्याच वाहिन्या अडखळतात, बाकीच्या उत्तम दिसतात. याचा डिशच्या दिशेशी संबंध आहे का?

उत्तर : दिशेपेक्षा एलएनबीशी अधिक आहे. उपग्रह एकाच वारंवारतेवर दोन निरनिराळ्या ध्रुवणांत (ध्रुवण म्हणजे लहरीच्या कंपनाची दिशा) वाहिन्या पाठवू शकतो आणि बॉक्स केबलमधून 13 किंवा 18 व्होल्ट देऊन त्यांतले एक निवडतो. ध्रुवण उभे-आडवे असेल, तर एलएनबी पकडीत किंचित फिरवून पाहावा. तो तिरका बसला की एका ध्रुवणाचा सिग्नल दुसऱ्यात मिसळतो. अडखळणारी वाहिनी लावूनच हे करावे. फरक पडला नाही आणि केबल फार लांब किंवा जुनी असेल, तर एलएनबीपर्यंत 18 व्होल्ट पोचत नसण्याची शक्यता धरावी. वर्तुळाकार ध्रुवणासाठी, म्हणजे कंपनाची दिशा सतत गोल फिरत असेल तर, मात्र एलएनबी फिरवून काहीच मिळत नाही.

प्रश्न : वर्षातून दोनदा, काही दिवस ठरावीक वेळी, काही मिनिटे सर्व वाहिन्या जातात. डिश पुन्हा जुळवावी का?

उत्तर : मुळीच नाही. त्या वेळी सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो आणि त्याचा रेडिओ गोंगाट सिग्नलाला झाकतो. उत्तर गोलार्धात हे मार्चच्या विषुवदिनाच्या आधी आणि सप्टेंबरच्या विषुवदिनानंतर घडते. उलट जुळणी नीट आहे की नाही हे पाहण्याची ती फुकट मिळालेली संधी आहे, कारण अशा वेळी डिशवरून परतलेला उजेड एलएनबीच्या तोंडावर एकवटलेला दिसतो. डिशला चकचकीत रंग का देत नाहीत, हेही तेव्हा ध्यानात येते. तसा रंग असता, तर एलएनबी भाजून निघाला असता.