रेटसिना, स्टिअरिन, स्टेनर: अक्षरं तीच सात, अर्थ मात्र कुठले कुठले

ऐरोलीच्या ताई, तुमचा प्रश्न काल रात्रीच वाचला पण मोबाईलवर एवढं टाइप करायचा कंटाळा आला, म्हणून आज सकाळी चहा घेऊन लॅपटॉपवर बसलोय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

ज्यांनी प्रश्न वाचला नाही त्यांच्यासाठी: ताईंची मुलगी सातवीत आहे, सोसायटीच्या स्क्रॅबलमध्ये (अक्षरांच्या टाइल बोर्डावर लावून इंग्लिश शब्द करायचा खेळ) समोरच्या मुलाने रेटसिना असा शब्द लावून सातही टाइल संपवल्या, ५० बोनस घेतला, आणि अर्थ विचारल्यावर म्हणाला माहीत नाही, पण डिक्शनरीत आहे. मुलगी रडवेली, तिचं म्हणणं अर्थ माहीत नसताना शब्द लावणं म्हणजे चीटिंग. ताईंना विचारायचंय की हे खरंच चीटिंग आहे का, आणि असले शब्द शिकवायचे तर सुरुवात कुठून करायची.

चीटिंग नाही. शब्द खेळाच्या मान्य यादीत असला की बास, अर्थ विचारायची सोय नियमात नाहीच. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स २०१५ मध्ये फ्रेंच भाषेतल्या स्क्रॅबलची चॅम्पियनशिप जिंकला तेव्हा त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं, नुसते शब्द पाठ. पण तो नायजेल रिचर्ड्स आहे हो. तुमच्याआमच्यासारख्यांचं डोकं तसं चालत नाही, आपल्याला शब्द टांगायला खुंटी लागते, आणि अर्थ ही सगळ्यात मजबूत खुंटी. मी १५ वर्षं दर रविवारी क्लबहाऊसमध्ये खेळतोय आणि जे शब्द नुसते घोकले ते ऐन वेळी आठवत नाहीत, ज्यांचा अर्थ कळला ते जन्मात विसरत नाहीत.

आता सुरुवात कुठून. त्या मुलाने लावला त्याच सात अक्षरांपासून करा: ए, ई, आय, एन, आर, एस, टी. कारण सांगतो. स्क्रॅबलच्या पिशवीत एकूण १०० टाइल असतात, त्यात ई १२, ए आणि आय नऊ-नऊ, एन, आर, टी सहा-सहा आणि एस चार. बेरीज करा, ५२ होते. म्हणजे अर्ध्याहून जास्त पिशवी या सात अक्षरांनीच भरलेली. हा खेळ काढणारा आल्फ्रेड बट्स हा अमेरिकेतला आर्किटेक्ट, मंदीत नोकरी गेली तेव्हा बसून वर्तमानपत्रात कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजत बसायचा आणि त्या हिशोबाने टाइल ठरवल्या. एस मात्र मुद्दाम कमी ठेवला, नाहीतर जो तो शेपटाला एस लावून अनेकवचन करत सुटला असता.

सात अक्षरं लक्षात ठेवायची माझी युक्ती एकदम गावठी आहे. आय निअर एसटी. इंग्लिश चुकीचं आहे पण ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोबाहेर उभं राहून कुणीतरी फोनवर असंच सांगतंय असं समजा. आय, मग एन-ई-ए-आर, मग एस-टी. झाली सात.

यातून होणारे ११ शब्द मला पाठ आहेत. रिटेन्स, रेटिनाज, नॅस्टिअर हे तीन मुलीला येत असतीलच. अँट्सिअर म्हणजे जास्त चुळबुळ करणारा, अँट म्हणजे मुंगी, अंगात मुंग्या शिरल्यासारखा, आपल्याकडे मुंग्यांऐवजी किडे वळवळतात एवढाच फरक. उरलेल्या सातांत खरी मजा.

त्यातला एस-टी-ए-आय-एन-ई-आर, स्टेनर, हा माझा जखमेचा शब्द. आमच्या क्लबहाऊसमध्ये एक रिटायर्ड मावशी यायच्या, एकदा त्यांनी हा लावला आणि मी छाती ठोकून चॅलेंज केलं की असा शब्दच नाही, स्टेन असतो, स्टेनर कुठला. शब्द निघाला बरोबर, माझी पाळी गेली, गेमही गेला. घरी आलो, तेव्हा आमच्याकडे रंगकाम चालू होतं, गॅलरीत पेंटरने डब्याच्या झाकणावर अर्धी पिळलेली ट्यूब ठेवली होती आणि तिच्यावर ठसठशीत लिहिलेलं, युनिव्हर्सल स्टेनर! आठवडाभर तो पेंटर माझ्याच समोर पांढऱ्या डिस्टेंपरमध्ये ते थेंब थेंब टाकत होता, मला हाक मारून विचारतही होता की साहेब अजून थोडा स्टेनर टाकू का, आणि मी हो टाक म्हणत होतो. बायको अजून हे पाहुण्यांना सांगते.

रेटसिना आता. ही ग्रीसची वाइन, बहुतेक पांढरी, आणि तिच्यात पाइनच्या झाडाची राळ घालतात. जुन्या काळी ग्रीक लोक वाइनच्या मातीच्या उंच सुरया राळेने लिंपून बंद करायचे म्हणजे हवा लागून वाइन खराब होऊ नये, त्या राळेचा वास वाइनला लागायचा, आणि पुढे लाकडी पिंपं आली, राळेची गरज संपली तरी लोकांच्या जिभेला ती चव लागलेली, त्यामुळे आता मुद्दाम घालतात. नेरुळला माझा एक मित्र आहे, मर्चंट नेव्हीतला, त्याने एकदा एक बाटली आणली होती. मी फक्त वास घेतला आणि मला आमच्या सोफ्याचं पॉलिश आठवलं, अगदी टर्पेंटाइन. तो म्हणाला खारट माशाबरोबर छान लागते, मी म्हटलं तूच घे. मुलीला वाइनचं सांगायचं नसेल तर राळेचं सांगा, इंग्लिशमध्ये राळेला रेझिन म्हणतात आणि रेटसिना त्याच कुळातला शब्द, बस.

स्टिअरिनवर मी तासभर बोलू शकतो. एस-टी-ई-ए-आर-आय-एन. ग्रीकमध्ये स्टिआर म्हणजे चरबी. पूर्वी युरोपात गुराढोरांच्या चरबीच्या मेणबत्त्या असायच्या, मऊ, धुरकट आणि जळताना वास मारणाऱ्या. शेव्ह्रल नावाच्या फ्रेंच केमिस्टने चरबी म्हणजे नेमकं काय ते सोडवून दाखवलं आणि १८२५ मध्ये गे-ल्युसॅक या दुसऱ्या केमिस्टबरोबर मेणबत्तीचं पेटंट घेतलं, चरबीतला कडक भाग वेगळा काढून केलेली मेणबत्ती, जी वाकत नाही आणि घाण वास मारत नाही. हा शेव्ह्रल १०२ वर्षं जगला, हे उगाच सांगतोय पण मला आवडतं. तर बाजारात त्या मेणबत्तीच्या मालाला स्टिअरिन नाव पडलं. आता म्हणाल आपल्याला काय त्याचं. तर रेशनवर मिळायचं ते पामतेल आठवतं का, पामोलीन? पामचं तेल थंड करत नेलं की त्याचे दोन भाग होतात, पातळ राहतं ते ओलीन, म्हणून पाम-ओलीन, आणि खाली घट्ट बसतं ते स्टिअरिन. पातळ आपल्या कढईत, घट्ट साबणात आणि वनस्पती तुपात. कोकणातून येणारी कोकमतेलाची वडी, हिवाळ्यात पायाच्या भेगांना लावायची, दगडासारखी कडक असते ना, ती कडक असण्याचं कारणही हेच, स्टिअरिन ज्यापासून बनतं ते स्टिअरिक ॲसिड तिच्यात भरपूर. माझ्या आजीकडे ती वडी कागदात गुंडाळलेली असायची, दिव्याच्या काचेजवळ धरून मऊ करायची आणि टाचेला घासायची. मुलीच्या हातात अशी वडी द्या आणि सांगा की ही स्टिअरिनच्या घरची आहे. विसरली तर मला सांगा.

आणि अनेस्ट्राय. हा शब्द क्लबहाऊसमध्ये लावला की समोरचा हमखास चॅलेंज करतो, आणि हमखास हरतो. अनेस्ट्रस म्हणजे जनावर माजावर न येण्याचा काळ, त्याचं अनेकवचन अनेस्ट्राय. शहरातल्या माणसाला वाटेल कुठून शोधून काढतात असले शब्द, पण मुरबाडला माझ्या मामाकडे हा रोजच्या बोलण्यातला विषय. म्हैस व्याली, महिने उलटले, माजावर यायचं नाव नाही, म्हणजे गाभण राहणार नाही, म्हणजे पुढचं दूध नाही, सगळं गणित बसलं. डॉक्टर यायचे, खाणं विचारायचे, मिनरल मिक्श्चर चालू करा म्हणायचे, कधी कधी म्हणायचे की माज येतोय पण मुका माज आहे, म्हैस ओरडत नाही म्हणून तुम्हाला कळत नाही, उन्हाळ्यात तर असं फार होतं. मामाला इंग्लिश येत नाही, पण अनेस्ट्रस या शब्दाबद्दल त्याला डिक्शनरीवाल्यांपेक्षा जास्त माहिती आहे. शब्दाच्या पुढचं अन म्हणजे आपलंच, अनिच्छा अनादर यातलं, ग्रीक आणि संस्कृतची ती सामायिक वडिलोपार्जित प्रॉपर्टी. आणि मागचा ईस्ट्रस हा ग्रीकमध्ये गोमाशी! गुरांना चावणारी माशी, ती चावली की जनावर जसं उधळतं तसा माज, असा हिशोब. सातवीतल्या मुलीला हा शब्द कसा समजवायचा ते तुम्ही बघा, माझ्या मते म्हशीच्या गोष्टीत काही वावगं नाही, गावाकडची पोरं हे सगळं बघतच मोठी होतात.

रॅटिन्स हे रॅटिन या कापडाचं अनेकवचन. जाड आणि बारीक सूत एकत्र पिळून गाठीगाठीचा धागा करतात आणि त्याचं विणलेलं खरबरीत कापड. ठाण्यात पोखरण रोडला जिथे आज टॉवर उभे आहेत तिथे रेमंडची मिल होती, १९२५ सालची, त्या भागातल्या जुन्या लोकांना कापडाची अशी नावं विचारा, तोंडपाठ असतात. रेझिअंट म्हणजे जुन्या कायद्याच्या इंग्लिशमधला रहिवासी. स्टार्नी हा स्कॉटलंडचा, स्टार म्हणजे तारा, तर ही आपली चांदणी. संपले ११.

मग पुढची पायरी. एस काढा आणि त्याजागी एल घाला, म्हणजे रेटिनाची सहा अक्षरं आणि एल. यातनं लॅट्रिन होतो, तो स्टेशनवरच्या पाटीवर वाचला असेल. रॅटलाइन होतो, तो मला नेरुळच्या त्याच मित्राने समजावला, शिडाच्या जहाजावर डोलकाठीच्या दोरांना आडव्या बारीक दोऱ्या बांधतात, शिडीसारखं पाय ठेवून वर चढायला, त्या रॅटलाइन. ट्रीनेल पण होतो, त्याचं स्पेलिंग टी-आर-ई-एन-ए-आय-एल, म्हणजे लाकडी जहाजाच्या फळ्या जोडायची लाकडी मेख. लोखंडी खिळा खाऱ्या पाण्यात गंजतो, लाकडी मेख पाणी पिऊन फुगते आणि आणखी घट्ट बसते, किती हुशारी आहे बघा यात. आणि लार्नाइट, एक खनिज, उत्तर आयर्लंडमधल्या लार्न गावाजवळ सापडलं म्हणून हे नाव, पण तोच पदार्थ सिमेंटमध्ये असतो, म्हणजे घोडबंदरला बांधकामांशेजारी राहणाऱ्यांच्या खिडकीत रोज थोडा थोडा येऊन बसतच असेल.

मुलीला हे सगळं इंग्लिशचं काहीतरी भयंकर वाटत असेल तर आधी मराठीत खेळवा. ज, र आणि एक काना द्या. राज, रजा, जरा, जार. मग विचारा जराचा दुसरा अर्थ काय. थोडं हा अर्थ सगळ्यांना येतो, म्हातारपण हा येत नाही, जराजर्जर म्हटलं की पेटतो दिवा. (जारचा जुना अर्थ मात्र आत्ताच सांगू नका, डिक्शनरीत सापडेल तेव्हा सापडेल.) न, व, र आणि काना दिला तर काय काय होतं ते तिलाच शोधू द्या, वानर निघाल्यावर दुसरा शब्द काय निघतो ते बघून बाबांची मजा होईल.

रोज दोनच शब्द, वहीत नाही, फ्रिजवर चिकटवा. शब्दाशेजारी डिक्शनरीतली व्याख्या उतरवू देऊ नका, तिचं तिला वाक्य करू दे, कोकमतेल, पेंटर, मामाची म्हैस, जे काय सुचेल ते.

आणि एक राहिलं. तुम्ही प्रश्नात सहज लिहिलंय की शेवटच्या डावात मुलीच्या हातात ए, ई, आय, एन, आर, टी आणि डब्ल्यू होतं आणि डब्ल्यू कुठे जात नाही म्हणून तिने वैतागून नुसतं वेट लावलं. ताई, त्यात दोन दोन सात अक्षरी होते. एक टॉनिअर, टी-ए-डब्ल्यू-एन-आय-ई-आर, म्हणजे जास्त पिंगट, सिंहाच्या अंगासारखा रंग. दुसरा त्याहून सोपा, टिनवेअर, पत्र्याची भांडी. बोर्डावर जागा असती तर ५० बोनस तिचाच होता. ठाण्याला जांभळी नाक्यावर याल तेव्हा भांड्यांच्या दुकानात पत्र्याचे डबे टांगलेले असतात ते तिला दाखवा, जमलं तर कडी असलेला एखादा घेऊनच टाका, टाइल ठेवायला होईल.