विमा क्षेत्र खासगी कंपन्यांना उघडलं तेव्हा सरकारने त्यांना कसं आवरलं? गावखेड्याला त्याचा काय उपयोग झाला?

तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग कागदावरचा आहे. दुसरा मी यवतमाळ जिल्ह्यात विमा एजंट म्हणून गावोगाव फिरताना शिकलो, आणि त्यात माझीही थोडी चूक आहे.

आयुर्विमा १९५६ पासून आणि बाकीचा विमा १९७३ पासून सरकारच्याच हातात होता. मल्होत्रा समितीने १९९४ मध्ये दार उघडा म्हणून सांगितलं, १९९९ मध्ये कायदा झाला आणि २००० पासून विमा नियामक प्राधिकरण, म्हणजे इर्डा, परवाने देऊ लागलं. आत यायच्या अटी कडक होत्या. भांडवल किमान १०० कोटी, परदेशी भागीदाराचा वाटा जास्तीत जास्त २६ टक्के (२०१५ मध्ये तो ४९ झाला, २०२१ मध्ये ७४). प्रत्येक योजना विकण्याआधी इर्डाकडे दाखल करायची. दावे बुडू नयेत म्हणून ठरवून दिलेल्या किमान शिलकीच्या दीडपट शिल्लक कायम राखायची. माझ्या मते हे काम इर्डाने चोख केलं.

आणखी एक अट होती: ठरावीक धंदा ग्रामीण भागातून आणायचा. सर्वसाधारण विमा कंपन्यांना पहिल्या वर्षी हप्त्यांच्या २ टक्के, दुसऱ्या वर्षी ३, पुढे ५. आयुर्विम्याला दरवर्षी वाढत जाणारा पॉलिसींचा कोटा. हेतू चांगलाच होता. पण मोजल्या जायच्या विकलेल्या पॉलिसी. कोणाला काय सांगून विकल्या, हे कोण मोजणार?

मग आमच्याकडे कापसाचा चुकारा हाती पडला रे पडला की दारात एजंट. माझ्या वेळी परवान्याआधी १०० तासांचं प्रशिक्षण होतं, परीक्षा होती. नियम तोंडपाठ होते. पण युलिपच्या, म्हणजे विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र असलेल्या पॉलिसीच्या, तक्त्यात वाढीचे दोन रकाने असायचे, ६ टक्के आणि १० टक्के. आमच्या साहेबांनी शिकवलं, बोट दहावर ठेवायचं. मीही ठेवलं. ‘तीन सालात डबल होते म्हनते ना भाऊ?’ असं कोणी विचारलं की मी ‘नाही’ म्हणायचो नाही, नुसता हसायचो. पहिल्या हप्त्यातला मोठा हिस्सा खर्चातच जातो, हे शेवटच्या पानावर बारीक अक्षरात. दुसऱ्या वर्षी बोंडं सडली, हप्ता थकला, आणि माझ्याच गावातल्या एका काकांच्या हाती भरल्याच्या निम्मेही आले नाहीत. त्यानंतर वर्षभर त्यांच्या गल्लीतून जायचं मी टाळलं.

इर्डाने याला चाप लावला तो १ सप्टेंबर २०१० पासून: युलिपची मुदतबंदी (तोवर पैसे काढता येत नाहीत) तीनवरून पाच वर्षं, खर्चावर कमाल मर्यादा, मध्येच सोडल्यावरच्या कपातीलाही लगाम. एजंटांची ओरड झाली, कारण कमिशन आटलं. उशीर झाला, पण नियम दमदार होता. कोट्याचं मोजमापही २०२४ च्या नियमांनी बदललं, आता ते ग्रामपंचायतनिहाय होतं.

तुमच्या घरात पॉलिसी असेल तर एवढं करा. कागद हाती आल्यापासून ३० दिवसांत (पूर्वी १५ होते) पटली नाही तर परत करता येते, थोडी कपात होऊन पैसे मिळतात. आमच्याकडे बहुतेक जण कागद ट्रंकेत टाकतात, म्हणून ही मुदत उगाच जाते. आयुर्विम्यात तीन वर्षं उलटल्यावर ‘माहिती लपवली’ म्हणून दावा नाकारता येत नाही. तक्रार आधी कंपनीकडे लेखी द्या, पोच घ्या. तीस दिवसांत दाद लागली नाही तर विमा लोकपाल, म्हणजे कोर्टाबाहेर विम्याच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी. आपल्या विदर्भासाठी तो पुण्यात बसतो, वकील लागत नाही, फी नाही. इर्डाचा फोन १५५२५५.

पीकविम्याचं भांडण मात्र या नंबरवर नेऊ नका. ती योजना कृषी खात्याची आहे. शेतात पाणी साचलं, गारपीट झाली तर ७२ तासांच्या आत कळवायचा नियम महाराष्ट्रात २०२५ च्या खरिपाआधी होता; तक्रार १४४४७ वर द्यायची आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवायचा. पुढे अडलं तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तोच क्रमांक दाखवायचा.