इंजिन ठीक असूनही विमान डावीकडे का गेले?

प्रश्न : माझी भाची वैमानिकाचे प्रशिक्षण घेत आहे. प्रशिक्षकाविना एकट्याने उड्डाण करणाऱ्या एका विद्यार्थ्याचे छोटे विमान वेग घेताना डावीकडे वळले, धावपट्टीबाहेर गेले आणि उलटले, असे नुकतेच वाचले. इंजिन सुस्थितीत होते म्हणे. मग असे का घडले असावे?

उत्तर : चौकशी पूर्ण होण्यापूर्वी त्या विशिष्ट घटनेविषयी निष्कर्ष काढणे उचित नाही. मात्र अशा अपघातांत पुष्कळदा इंजिनाची पूर्ण ताकद हीच विद्यार्थ्याची परीक्षा पाहते. सेस्ना १५२ सारख्या प्रशिक्षण विमानाचा पंखा वैमानिकाच्या बाजूने पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. त्याने मागे फेकलेली हवा विमानाभोवती पिळा घालत जाऊन शेपटीच्या उभ्या पंखावर डावीकडून आदळते, त्यामुळे शेपूट उजवीकडे आणि नाक डावीकडे ढकलले जाते. त्यातच पंख्याच्या फिरण्याला होणाऱ्या प्रतिक्रियेच्या जोराने डाव्या चाकावर अधिक भार येतो. नाक उचलले की पंख्याचे उजवीकडचे, खाली येणारे पाते जास्त ओढ निर्माण करून नाक आणखी डावीकडे वळवते आणि नेमके त्याच वेळी पुढचे चाक जमीन सोडू लागल्याने दिशा सांभाळण्याचे सारे काम रडरवर, म्हणजे शेपटीच्या उभ्या पंखाच्या हलत्या भागावर, येते.

यावर उपाय म्हणजे उजव्या पायाने रडरचे पेडल हवे तेवढेच दाबणे. पण घाबरलेला नवखा विद्यार्थी मोटार चालवण्याच्या सवयीने हातातील चक्र उजवीकडे फिरवतो. त्याने एलेरॉन, म्हणजे विमान कलवणाऱ्या पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, हलतात, जमिनीवरील विमानाची दिशा मात्र फारशी बदलत नाही. कडेचे गवत जवळ येताना दिसले की तो चक्र मागे ओढून विमान वेळेआधीच उचलतो. जमिनीलगतच्या हवेचा आधार मिळून ते क्षणभर तरंगते, परंतु चढण्याइतका वेग नसल्याने स्टॉल होऊन, म्हणजे पंखांना मिळणारी उचल अचानक घटून, एक पंख खाली कोसळू शकतो.

एकट्याच्या उड्डाणात आणखी एक फरक पडतो. सेस्ना १५२ चे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन सुमारे ७५७ किलो असते. त्यातून प्रशिक्षकाचे सत्तर-ऐंशी किलो वजा झाले की विमान सवयीपेक्षा लवकर जमीन सोडू पाहते. शिवाय आसन रुळाच्या खाचेत नीट अडकले नसेल, तर वेग घेताना ते मागे घसरते, पाय पेडलपासून सुटतात आणि तोल सावरण्यासाठी धरलेले चक्र आपोआप मागे ओढले जाते. म्हणून निघण्यापूर्वी आसन हलवून पाहण्याची तपासणी भाचीने कधीही टाळू नये.

प्रशिक्षकाकडून तिने विशेष घोटून घ्यावी ती गोष्ट म्हणजे धावपट्टीवर असतानाच उड्डाण सोडून देणे. अर्धी धावपट्टी संपेपर्यंत उड्डाणवेगाच्या सत्तर टक्के वेग आला नाही, तर थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) बंद करावा, असा एक रूढ ठोकताळा आहे. दिशा हाताबाहेर जाऊ लागली, तर तेवढेही थांबू नये. थ्रॉटल तत्काळ मागे घ्यावा, पायांनी विमान सरळ ठेवावे आणि मगच ब्रेक लावावेत.