पंचवीस किलोचा सर्व्हो आणि मान टाकणारी गाडी

प्रश्न : काका, माझ्याकडे एकास दहा मापाची रिमोटची ट्रक आहे, सेकंड हँड घेतलेली. मूळचा स्टिअरिंग सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी गिअरची मोटर) अडखळायचा म्हणून २५ किलोचा मेटल गिअरवाला मागवून बसवला. टेबलावर झकास चालतो. मैदानात गाडी उभी असताना चाकं पूर्ण वळवली की रिसीव्हरचा (रिमोटचा हुकूम घेणाऱ्या डबीचा) दिवा विझतो, गाडी मान टाकते आणि क्षणात परत जिवंत होते. मित्र म्हणतात रिसीव्हर बाद झालाय, नवा घे. घेऊ का? – डिप्लोमाचा विद्यार्थी, निपाणी

उत्तर : थांब गा, पैसे खिशातच ठेव. रिसीव्हर बिचारा उपाशी आहे, आजारी नाही. टेबलावर चाकं अधांतरी असतात, सर्व्होला काही ओढावं लागत नाही. मैदानातल्या मुरुमात रुतलेलं चाक जाग्यावर वळवायचं म्हणजे सगळा जोर लागतो, आणि जोर लावताना तो अॅम्पिअर खातो. अडकलेला मोठा सर्व्हो दोन-तीन अॅम्पिअर सहज मागतो, कधी त्याहून जास्त. त्याला वीज कोण देतं? गाडीच्या ईएससीत, म्हणजे मुख्य मोटरचा वेग सांभाळणाऱ्या डबीत, बसलेलं बीईसी नावाचं छोटं सर्किट. बॅटरीतून ५ किंवा ६ व्होल्ट करून रिसीव्हर आणि सर्व्हो दोघांना तेच पुरवतं, आणि जुन्या ईएससीत त्याची ऐपत एक-दोन अॅम्पिअरचीच असते. शिवारात शेजारच्याची मोटर सुरू झाली की आपल्या घरातला बल्ब मिणमिणतो ना, तेच इथं झालंय. व्होल्टेज बसलं की रिसीव्हर डोळे मिटतो.

खात्री फुकटात होते. जुना सर्व्हो परत लाव आणि त्याच मैदानात तीच चाकं वळव. दिवा विझला नाही तर रिसीव्हर ठणठणीत. मल्टीमीटर असेल तर रिसीव्हरच्या रिकाम्या खाचेत लावून बघ; मीटर संथ असतो, खरी डुबकी त्याला दिसत नाही, पण आकडा हलताना दिसला तरी पुरे.

आता इलाज. वेगळं बीईसी घे, निदान ५ अॅम्पिअरचं. त्याचं तोंड बॅटरीच्या जोडावर, शेपूट सर्व्होच्या लाल-काळ्या वायरींवर. सर्व्होची सिग्नलची वायर रिसीव्हरलाच जाईल, काळी मात्र दोन्हीकडे जोडलेली हवी. ती विसरलास तर सर्व्हो झपाटल्यासारखा थरथरेल. सर्व्होची लाल वायर रिसीव्हरला लावायची नाही. आणि जोडण्याआधी बीईसीतून किती व्होल्ट येतात ते मोज. ६ व्होल्टचा सर्व्हो ७.४ वर लावला की धूर निघतो, आणि तो धूर परत आत भरता येत नाही. रिसीव्हरच्या रिकाम्या खाचेत मोठा कपॅसिटर लावायचा सल्लाही तुला कोणीतरी देईल. क्षणभराच्या डुबकीला तो उपयोगी पडतो, पण तू चाक धरून ठेवलंस तर कळशीभर पाण्यानं हंडा भरायला जाण्यातला प्रकार.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण सांगतो. स्टिअरिंग टोकाला नेऊन कान लाव. सर्व्हो गुंईंऽ करत असेल तर चाक आपल्या अटकावाला टेकलंय आणि हा अजून ढकलतोच आहे. रिमोटवर एंड पॉइंट किंवा डी/आर (चाकं किती वळावीत ते ठरवणारी कळ) असेल, तो आवाज थांबेपर्यंत कमी कर. निम्मी वीज तिथंच वाचते.

आणि ते २५ किलो. हा आकडा सर्व्होच्या आसापासून एक सेंटिमीटरवरचा असतो. हॉर्नचं, म्हणजे त्या आसावर बसणाऱ्या दांडीचं, भोक दोन सेंटिमीटरवर असेल तर हातात साडेबाराच येतात. शिवाय तो आकडा बहुतेक वेळा सगळ्यात जास्त व्होल्टेजचा छापलेला असतो, ५ व्होल्टवर तो पुष्कळ खाली येतो. एकास दहाच्या गाडीला खरे १२-१५ किलो भरपूर झाले. मी तर आधी सेकंद बघतो. ६० अंश फिरायला ०.१५ सेकंदाच्या आसपास घेणारा असेल तर वळणावर हाताला गाडी ऐकते. किलोंचा मोह पोरांना फार.

प्रश्न : स्टिअरिंगमध्ये ढिलाई वाटते. स्प्रिंगचा सर्व्हो सेव्हर काढून थेट अॅल्युमिनियमचा हॉर्न बसवू का? – खानापूरहून एक वाचक

उत्तर : मी बसवला होता. यळ्ळूरच्या वाटेवर एका बांधकामाशेजारी गाडी फिरवत होतो, चिऱ्यांच्या थप्पीला पुढचं उजवं चाक घासलं. धडक म्हणावी अशीही नव्हती. घरी येऊन सर्व्होचे चार लांब स्क्रू काढले तर ग्रीसमध्ये पितळी दात तीन, तांदळाच्या कण्यांसारखे चमकत होते. धक्का सेव्हरच्या स्प्रिंगनं गिळायचा असतो, तो माझ्या गिअरनं गिळला. तुमच्याकडे तर जांभ्याचे धोंडे पावलापावलाला.

काही गाड्यांत दुसरा सेव्हर स्टिअरिंगच्या बेलक्रँकवरच (सर्व्होचा जोर चाकांकडं नेणाऱ्या कोपऱ्याच्या दांडीवर) असतो. तसा असेल तर खुशाल घट्ट हॉर्न लावा. नसेल तर जास्त कडक स्प्रिंगचा सेव्हर घ्या, आणि त्याआधी चाक हातात धरून हलवून बघा : बऱ्याचदा ढिलाई सेव्हरमध्ये नसून दांड्यांच्या टोकाच्या झिजलेल्या गोळी-सांध्यात, बॉल-एंडमध्ये, निघते. हॉर्न बसवताना सर्व्होला आधी वीज द्या, रिमोटवरची ट्रिम (चाकं सरळ ठेवायची बारीक जुळणी) शून्यावर आणा, मगच तो काटकोनात चढवा. धातूच्या स्क्रूला निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब.

प्रश्न : नवा हॉर्न सर्व्होवर बसतच नाही, ठोकून बसवू? – शहापूर

उत्तर : हातोडी खाली ठेवा आधी. सर्व्होच्या आसावरच्या आणि हॉर्नमधल्या दातांची संख्या जुळत नाहीये. फुटाबा, सॅव्हॉक्स या कंपन्यांच्या सर्व्होंना २५ दात, हायटेकच्या जुन्या सर्व्होंना २४, सानवा आणि केओला २३. योग्य हॉर्न अंगठ्यानं दाबला की चढतो.

प्रश्न : मुलाला खेळण्याच्या दुकानातून गाडी घेतली. ती सरळ जात नाही, डावीकडं ओढते. नवा सर्व्हो टाकून मिळेल का? – एक आई, टिळकवाडी

उत्तर : ताई, उलटी करून बघा. सर्व्होला पाच वायरी असतील तर बाजारातला तीन वायरींचा त्याला चालणार नाही. तुमच्या गाडीत सर्व्होचा मेंदू मुख्य सर्किटवरच आहे, डब्यात नुसती मोटर आणि जागा सांगणारा पॉट. पण अजून खर्चाचं बोलूच नका. पोटाखाली ट्रिमची छोटी खिट्टी असते, ती एक घर उजवीकडं सरकवा. नाही जमलं तर पुढच्या चाकाच्या आसाला गुंडाळलेले केस चिमट्यानं ओढून काढा. माझ्याकडं दुरुस्तीला आलेल्या असल्या गाड्यांत केसच जास्त निघालेत.